तळेरे, नऊ तारीख

सकाळी सहा

नऊ तारखेला माझा पहिला फोन आशाताईंना नसतो, 102 रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरना असतो. रात्री बाळंतिणीची खेप पडली होती का, झोप झाली का, गाडी किती वाजता सुटणार. ते म्हणाले, "साडेसाताक सुटतंय मॅडम," की मगच बाकीचे फोन. क्रम उलटा झाला तर आशा बाईला तयार करून रस्त्यावर आणून उभी करते, गाडीचा पत्ता नसतो, ऊन चढतं आणि बाई घरी परत जाते. पुढच्या महिन्यात बोलवायला गेलं की सासू दारातूनच सांगते, "सून मळ्यात गेलीहा." सून आत चुलीपाशीच असते, हे आशालाही माहीत असतं आणि सासूलाही.

मी गटप्रवर्तक. वीसेक आशाताई माझ्या गटात. आशा आणि आरोग्य केंद्र यांना जोडायचं काम, असं कागदावर. प्रत्यक्षात एक स्कूटर, चार रजिस्टरं आणि सतत उतरणारी फोनची बॅटरी. नऊ तारखेचं महत्त्व असं की 2016 पासून देशभर हा प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस आहे. चौथा महिना लागलेल्या प्रत्येक गरोदर बाईला त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः तपासायचं, एक पैसा न घेता. रविवार किंवा सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, शंभरातले 60 केंद्राचे आणि 40 राज्याचे. हे साठ-चाळीस बाईला कशाला कळायला हवं? तिला गाडी वेळेवर आलेली कळते.

सात

तळेरे ही रस्ते फुटायची जागा. मुंबई-गोवा महामार्गावर उभं राहिलं की एका अंगाला खारेपाटण, दुसऱ्या अंगाला कणकवली. वर गेलेला रस्ता वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला, तिथून कोल्हापूरला. खाली गेलेला विजयदुर्गाकडे. अशा जागी बाहेरून येणारा माणूस जास्त, थांबणारा कमी. नोव्हेंबरात तर विचारू नका. भात झोडून झालेलं असतं, आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार बायकामुलांसकट यायला लागलेले असतात, खाणींवर आणि रस्त्याच्या कामावर घाटावरच्या, कर्नाटकातल्या टोळ्या उतरलेल्या असतात. आमच्या याद्या मात्र गावाच्या. वाडी, घर नंबर, कुटुंबप्रमुखाचं नाव. ज्या बाईला घर नंबरच नाही ती यादीत कुठून येणार?

सात वाजता आशांचे फोन सुरू होतात. प्रत्येकीची आजची यादी मला पाठ असते, तरी विचारते, कारण विचारल्यावर यादीत नसलेलं बाहेर येतं. एकीचा नवरा काल मुंबईहून आलाय, ती येणार नाही म्हणते. एकीला उलट्या. तिसरीची आशा सांगते, "मॅडम, ती येता म्हणता, पण धाकट्याक कोण बघतला?" यावर उत्तर ठरलेलं आहे: धाकट्याला घेऊन ये, अंगणवाडीच्या बाई बघतील. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, आम्ही आरोग्य खात्याचे, त्यांच्या वरिष्ठ वेगळ्या, त्यांचे रिपोर्ट वेगळे. पोरगं सांभाळणं दोन्ही खात्यांच्या कामात लिहिलेलं नाही. पण ते सांभाळलं गेलं नाही तर आई येत नाही, म्हणून ते सांभाळलं जातं.

आशा गावचीच असावी लागते, बहुतेकदा गावची सून. म्हणून वाडीतल्या पोरी तिला "वयनी" म्हणतात, ताई म्हणत नाहीत. गावातल्याच बाईला शिकवायचं आणि आरोग्याचं काम तिच्या हाती द्यायचं, हे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून करून दाखवलं होतं. देशभरच्या आशा आल्या 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात. फरक एवढाच की आशांचं काम तुकड्यातुकड्यांनी मोजलं गेलं. जननी सुरक्षा योजनेतल्या एका बाईमागे खेड्यात 600 रुपये, त्यातले निम्मे तपासण्यांचे, निम्मे दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. जिथे घराघरात पाळणा हलतो तिथे हा हिशेब ठीक असेल. आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 8 लाख 68 हजार होती, ती 2011 ला 8 लाख 49 हजारांवर आली. तरुण पोरं मुंबई-पुण्यात, वाडीत म्हातारी माणसं. बाळंतपणं कमी आणि दोन घरांमधलं अंतर मात्र डोंगराएवढं. त्यामुळे आमच्या आशाची पायपीट दुसऱ्या जिल्ह्यातल्या आशाइतकीच, कधी जास्त, आणि कामावरचा मोबदला कमी. 2023 च्या ऑक्टोबरात राज्यभरच्या आशा आणि आम्ही गटप्रवर्तक संपावर गेलो, त्यामागे हाही हिशेब होता.

साडेनऊ

आमच्या आरोग्य केंद्रातलं काम कशाने सुधारलं असं कुणी विचारलं, तर मी टेबलांचा क्रम सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं ही काहीतरी मोठं सांगेल. पण मला खरंच तेच वाटतं.

गरोदर बाईची साखर तपासायची म्हणजे 75 ग्रॅम ग्लुकोज तीनेकशे मिली पाण्यात कालवून प्यायला द्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त घ्यायचं. 140 किंवा त्याच्या वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. सगळीकडे होतं काय, की केसपेपर, वजन, बीपी, मग डॉक्टर आणि शेवटी लॅब. डॉक्टर बघून झाले की बाईच्या लेखी काम संपलं. आता इथून पुढे दोन तास बस म्हटल्यावर कोण बसणार? परतीची एसटी, शेळ्या, शाळेतनं येणारी पोरं. आमच्या लॅबवाल्या दादांनी टेबल उचलून दारात आणलं. आली बाई की आधी ग्लास हातात. घड्याळ लागलं. त्या दोन तासांत वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, पोटाची तपासणी, डॉक्टर, गोळ्या, अंगणवाडीच्या बाईंशी बोलणं सगळं उरकतं आणि बरोबर वेळेला ती पुन्हा दारातल्या टेबलापाशी येते, कारण बाहेर जायचा रस्ताच तिथून आहे. याला निधी लागला नाही, मंजुरी लागली नाही. दोन माणसांनी टेबल उचललं. मात्र त्यासाठी सिस्टरने आपली जागा सोडली, केसपेपर लिहिणाऱ्याने आपली सोडली. सरकारी इमारतीत खुर्चीची जागा सोडणं किती अवघड असतं, हे तिथे काम केलेल्यालाच कळेल.

फाइल एकच. ती बाईच्या हातात न देता आशाच्या हातात. आशा तिच्यासोबत टेबलावरून टेबलावर जाते आणि बाई जे बोलत नाही ते बोलते: "डॉक्टर, हिका गेल्या वेळाक सात महिन्यांत झटके इल्ले." बाई स्वतः हे सांगायची नाही. तिच्या दृष्टीने ते झालं, संपलं. डॉक्टरांच्या दृष्टीने तिथेच सगळं सुरू होतं. तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो, म्हणजे जोखमीची माता. 2022 पासून अशा बाईच्या तीन जादा तपासण्यांचा आणि बाळंतपणापर्यंत मागोवा घ्यायचा पैसा वेगळा आलाय. चांगली गोष्ट आहे. पण लाल स्टिकरचा अर्थ घरी कोणी नीट सांगितला नाही तर सासरी "पोरीत काय तरी खोट आसा" एवढाच निघतो. म्हणून स्टिकर लावताना सिस्टर सासूला आत बोलावते. दोष नाही, लक्ष जास्त द्यायचंय, गाडीचा नंबर आत्ताच फोनमध्ये घाला. तोही सासूच्याच फोनमध्ये, सुनेच्या नव्हे.

अकरा

रक्ताचं बोलू. आमच्याकडे बहुतेक दुखणी फिरून तिथेच येतात. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. एकीकडे राज्याचं माता मृत्यूचं प्रमाण 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 33 वर आलेलं, देशाच्या 97 च्या मानाने चांगलंच. दुसरीकडे अर्ध्याहून अधिक बायकांचं रक्त पातळ. म्हणजे आपण बायकांना बाळंतपणात वाचवायला शिकलो. एरवीच्या दिवसांत त्या कशा आहेत, हे बघायला अजून शिकतोय.

गोळ्या मुबलक आहेत. 180 लाल गोळ्या बाळंतपणाआधी, 180 नंतर. प्रश्न त्या पोटात जाण्याचा.

"गोळये खाल्लंस काय गो?"

"खातंय."

आशा तिच्यामागून मान हलवते: नाही.

"शी काळी जाता, मळमळता," ती शेवटी सांगते. सासू पलीकडून म्हणते, "आणि बाळ मोठां जाता, मगे सिझर करूचा लागता. आमी खंय खाल्लेले गोळये?"

याला उपाय म्हणून आम्ही एक गोष्ट ठरवली: सगळ्यांनी एकच सांगायचं. आधी डॉक्टर म्हणायचे जेवणानंतर, सिस्टर म्हणायची रात्री, आशा म्हणायची लिंबूपाण्यासोबत, अंगणवाडीच्या बाई म्हणायच्या चहा प्यायला तरी चालेल. चार माणसं चार तोंडांनी बोलली की बाई पाचव्याचं ऐकते, आणि पाचवी घरातच असते. आता चौघांचं एक ठरलंय. रात्री जेवून तासाभराने, चहा नको, कॅल्शियमची गोळी त्या वेळेला नको, शी काळी झाली तर समजा गोळी पोटात जातेय. शेवटचं वाक्य फार कामाचं निघालं. ज्याची भीती होती त्यालाच पुरावा केलं.

साडेबारा

गरोदर बायका पांगल्या की मागच्या खोलीचं दार बंद होतं. तिशीच्या पुढच्या बायका. नऊ तारखेसाठी म्हणून या येत नाहीत, सुनेसोबत, लेकीसोबत आलेल्या असतात. "आता इलंयच तर जरा बघा." अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अंग बाहेर आलंय. कित्येक वर्षं. नवऱ्याला सांगितलेलं नसतं, डॉक्टरला तर नाहीच.

राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती. 1989 मध्ये ती लॅन्सेटमध्ये छापून आली. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. तो अभ्यास गडचिरोलीचा, पण मागच्या खोलीत बसलं की तो कोकणातला नाही असं म्हणायची सोय राहत नाही. कितीतरी वर्षं सगळा पैसा फक्त गर्भाशयाच्या एका अवस्थेसाठी येत राहिला. बाई पोटुशी असेपर्यंत योजनेची लाडकी, बाळंत होऊन बेचाळीस दिवस झाले की विसरलेली. आता तिशीवरच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आलीय. पाच टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. साधी चाचणी, यंत्र नाही. अवघड काय, तर बाईला खोलीत आणणं. म्हणून ही चाचणी नऊ तारखेलाच, सुनेच्या पाठोपाठ. वेगळं शिबिर लावलं तर फलक, मंडप, फोटो सगळं येतं. बायका येत नाहीत.

दुपारी दीड

डबे. लॅबवाल्या दादांच्या डब्यातली सुक्या बांगड्याची चटणी सगळ्यांच्या ताटात. डॉक्टर शाकाहारी, त्यांना दही. या अर्ध्या तासात कागदावर न येणारे निम्मे निर्णय होतात, आणि वर कळवायची सोय नसलेले तर सगळेच.

अडीच

कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तिथल्या झोपड्यांवर सीएचओ मॅडम आणि मी. त्या जत तालुक्यातल्या, कन्नड घरात वाढलेल्या. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कंत्राटावर इथे आल्या तेव्हा मालवणी कळेना म्हणून हसू व्हायचं त्यांचं. खाणीवर गेल्यावर त्यांच्याशिवाय आम्ही मुके.

आज एक बाई भेटली. आठवा महिना. ओढणीच्या गाठीत मळकं, घडी घालून घालून फाटलेलं कर्नाटकातलं तायी कार्ड. आपल्याकडचं माता-बाल कार्ड तसंच तिकडचं हे. त्यावर नोंदणीचा नंबर होता म्हणून बरं. त्या नंबरावर तिला इथे नोंदवता येतं, नाहीतर पोर्टलच्या हिशेबाने तिला पहिल्यापासून गरोदर व्हावं लागलं असतं. सीएचओ मॅडमनी बोटाला टोचलं. 6.8. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, पांढरीफटक. पायांवर सूज.

मग खरी कसोटी. ती कुणाची? गावच्या आशाच्या यादीत ती नाही, आणि यादीत नसलेल्या बाईमागे मोबदला नाही. मुकादम म्हणतो, आठ दिवसांनी हिशेब झाला की घरी पाठवतो. नवरा म्हणतो, मुकादम म्हणेल तसं. दीड वर्षाचं पोर कडेवर. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गाडी, रक्त, औषधं, जेवण सगळं मोफत आहे, कोणत्याही सरकारी दवाखान्यात, कुठल्याही गावच्या बाईला. हक्क पक्का आहे. तो तिच्यापर्यंत पोचवायला मात्र कन्नड बोलणारी एक, मुकादमाशी भांडणारी एक, पोर धरणारी एक आणि गाडी आणणारा एक लागतो.

मुकादमाशी भांडायचं काम माझं. मी भांडले नाही. बाईला वाटेत काही झालं तर पोलीस कुणाचं नाव आधी विचारतील, एवढंच शांतपणे विचारलं. तो म्हणाला, "न्या मॅडम, पण संध्याकाळपर्यंत." आठव्या महिन्यात 6.8 ला संध्याकाळपर्यंत कोण सोडतं! ते त्याला उद्या सांगू.

साडेचार

गाडी गेली. आधी कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय. तिथून लागलं तर ओरोसला जिल्हा रुग्णालय, रक्तपेढी तिथे. महामार्ग चौपदरी झाल्यापासून हे अंतर आता भीती घालत नाही. घाटावरची गोष्ट वेगळी. करूळ घाट 2024 मध्ये कामासाठी महिनोन्महिने बंद होता, तेव्हा कोल्हापूरला जायचं म्हणजे भुईबावड्याने वळसा.

आमचं चिठ्ठी पाठवून भागत नाही. सिस्टर कणकवलीच्या लेबर रूममधल्या सिस्टरला फोन करते: एवढ्या वाजता पोचेल, रक्तगट हा, भाषा कन्नड, सोबत नवरा आहे आणि तो घाबरट आहे. शेवटची गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नसते. पण घाबरट नवरा सही करायच्या वेळी पळून जातो, हे माहीत असलेलं बरं.

पावणेसहा

पोर्टल. इथे माझी सहनशक्ती संपते. आज तपासलेल्या प्रत्येक बाईची नोंद रजिस्टरमध्ये, मग फॉर्मवर, मग पोर्टलवर, मग व्हॉट्सॲपवर फोटो. नेटवर्क येतं-जातं. डेटा ऑपरेटर मुलगा बिचारा छतावर जाऊन हॉटस्पॉट लावतो. पैसे बाईच्या खात्यात थेट जायचे हे उत्तम, मधले हात गेले. पण आधारावर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आणि दोघांत एका वेलांटीचा फरक. तेवढ्यावर पैसे अडतात. अडले की बाई पोर्टलला नाही विचारत, आशाला विचारते. आशा मला. मी तालुक्याला. उत्तर परत येईस्तोवर मूल रांगायला लागतं.

आरोग्य केंद्राचा अबंधित निधी आहे म्हणून थोडं चालतं. त्यातूनच मागच्या खोलीला पडदा आला, बाहेर बसायला बाक आला. अबंधित म्हणजे काय, तर गरज बघून खर्च करा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर साऱ्या निधीतला हा सगळ्यात शहाणा पैसा, आणि रकमेने सगळ्यात लहान.

आठ

घरी. भात टाकला आणि फोन वाजला. कणकवलीहून: बाईला ओरोसला हलवलंय, रक्त चढवायचंय, तिच्या गटाची एक पिशवी आहे, दुसरी लागेल. रक्तदात्यांच्या दोन गटांवर निरोप टाकला. दहा मिनिटांत ओरोसच्या जवळचाच एक पोरगा तयार. त्याला ना बाई माहीत, ना खाण.

मग दुसरा प्रश्न. दीड वर्षाचं पोर नवऱ्याबरोबर वॉर्डाबाहेर रडतंय, नवऱ्याला मराठी येत नाही, उद्या डॉक्टर फेरीला येतील तेव्हा सोबत बाई हवी. आमच्या गटावर विचारलं: उद्या ओरोसला कोण जाऊ शकेल? दोन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. मग खाणीशेजारच्या वाडीच्या आशाने लिहिलं, "मी जातंय. पयली एसटी." ही तिच्या यादीतली बाई नव्हे. सीएचओ मॅडमनी लगेच टाकलं, मी फोनवर कन्नडमधून बोलेन, डॉक्टर आले की स्पीकर लाव. अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, पोराला काय पाठवू, बिस्किटं की सत्व?

मी आशाला वेगळा फोन केला. एसटीचं भाडं आणि दिवसभराचं जेवण माझ्याकडून घे, मोबदल्याचं कुठल्या शीर्षात बसवायचं ते मी तालुक्याला विचारते.

"बसात खंय तरी," ती म्हणाली. "नाय बसला तर नाय. तुमी माका फक्त तिचा नाव नीट लिवून पाठवा. मागच्या वेळाक नाव चुकला म्हणान दाराकच अर्धो तास उभी होतंय."

नाव लिहून पाठवलं. वय, आठवा महिना, हिमोग्लोबिन, रक्तगट, तायी कार्डाचा नंबर, नवऱ्याचा फोन. खाली सीएचओ मॅडमनी तेच नाव कन्नड उच्चाराप्रमाणे देवनागरीत पुन्हा लिहिलं, हाक मारताना चुकू नये म्हणून.